जांभळा रुपया

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज मल्लेश्वरममध्ये एका म्हाताऱ्याशी भांडलो आणि त्याच्याच नातीच्या प्रेमात पडलो. क्रम उलटा असता तर भांडलो नसतो.

काम नेहमीचंच. दुकानात शिरायचं, पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा दाखवायचा, "पहिला महिना फुकट" म्हणायचं. आठवड्याला बारा डबे बसले नाहीत तर टीम लीडर ग्रुपवर नाव टाकतो. पाचव्या सेमिस्टरला इंजिनीअरिंग सोडलं तेव्हा नागपूरला बाबांना सांगितलं होतं, सहा महिन्यांत बघा. अकरा झाले.

दुकान कॉफीचं. पुढे लाकडी काउंटर, मागे बिया भाजायचं हे एवढं काळं यंत्र. पाटी कानडीत, पण आतून कुणीतरी चक्क मराठीत खेकसत होतं. तेच त्रिविक्रमअण्णा. यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपासून इकडचं, मराठी घरात शिल्लक राहिलेली. मला म्हणाले, "काय विकायला आलास की?"

डब्याच्या बुडाला जबरदस्त चुंबक असतं. लोखंडाला कुठेही चिकटतो. काउंटर लाकडी, म्हणून मी तो सरळ यंत्राच्या पुढच्या पट्टीवर लावला, बर्नरच्या तोंडाच्या वर. सोमवारी भाजत नाहीत, यंत्र थंडगार होतं. पण अण्णा असे ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. "काढ! यंत्रावर काही ठेवायचं नाही!" मग मीही ओरडलो. "भंगारात जायच्या वस्तूला कसलं सोवळं?" असं काहीसं म्हणालो. म्हणजे असंच म्हणालो.

तेव्हा ती आतून आली. आश्लेषा. यंत्रावरचा डबा उपटून काढला आणि काउंटरवर आपटायला गेली तर खाली पैशांचा ड्रॉवर उघडा. चिल्लर सगळी चुंबकाला चिकटून वर आली. तिने ती बोटांनी ओरबाडून ड्रॉवरमध्ये परत टाकली. नाण्यांकडे बघतसुद्धा नव्हती, माझ्याकडे बघत होती. असं रागाने बघणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ज्याच्यावर उलट राग येईना.

"घ्या तुमचा डबा. आणि अण्णांचं वय बघून बोला स्वल्प."

परत त्या दुकानाचं तोंड बघणार नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

गेलो. कॉफी तर लागतेच ना माणसाला.

शंभर ग्रॅम, एकोणऐंशी रुपये. खिशात फोन असताना शंभराची नोट दिली. दिवसभर लोकांना सांगत फिरतो की रोख घेऊ नका, आणि स्वतः रोख दिले, कारण फोनने पैसे दिले की सुट्टे परत मिळत नाहीत आणि सुट्टे परत मिळताना हाताला हात लागतो. लागला. अर्धा सेकंद.

माफी मागायची ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "चिकोरी किती टक्के?" ती म्हणाली, "पाटीवर लिवलंय की." सुट्टे देताना तिने हाताकडे पाहिलंही नाही. इतका मी बिनमहत्त्वाचा.

घरी येऊन खिसा रिकामा केला तर विसाची नोट आणि एक रुपया. पण असा रुपया मी आयुष्यात पाहिला नाही. कडेला सोनेरी, आत तपकिरी, मग जांभळा, आणि मधोमध मोराच्या मानेसारखा निळा. दुसऱ्या बाजूला मात्र एक पांढुरका ठिपका, तेवढी जागा कोरी. आकडा, सिंह, सगळं ठीकठाक.

विलास माझा रूम पार्टनर. पुण्याचा, आयटीत आहे, भाडं वेळेवर देतो म्हणून त्याला वाटतं मत पण तोच देणार. म्हणाला, "नेलपेंट लावलंय कुणीतरी. मुलींचं दुकान आहे ना?" मी म्हटलं कॉफीचं आहे. "मग कॉफी सांडली असेल."

तिने मुद्दाम दिला असेल का?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गंगव्वाची चहाची गाडी आहे. सकाळी नऊ रुपयांचा चहा घेतला, चुकून तोच रुपया पुढे गेला. तिने उन्हात धरून पाहिला आणि तव्यावर पाणी पडावं तशी चरचरली, "चलता नहीं ये. नकली है."

दुसरा रुपया द्यायचा आणि गप्प बसायचं, एवढं सोपं होतं. पण नकली म्हणजे काय? तो कुणाच्या हातून आलाय? मी नको ते बोललो. तिच्या चहात पाणी जास्त असतं तेही बोललो. गिऱ्हाइकं हसायला लागली तसा आणखी चढलो. शेवटी तिने माझा ग्लास उचलून माझ्यादेखत गटारात ओतला. "जा. उद्यापासून फोनमधून चहा पी."

हा रुपया खरा आहे हे मी सिद्ध करणार. रंग कशाचा तेही शोधून काढणार.

१४ सप्टेंबर, रविवार

दिवस या नाण्यात गेला आणि मजेत गेला, हे मान्य.

आधी थिनर. बोळ्याने घासलं, बोळा स्वच्छ. म्हणजे रंग लावलेला नाही. मग लिंबू-मीठ. काही नाही. चिंच. काही नाही, फक्त विलासची रसमची चिंच संपली. चुंबकाला चिकटतो का? सॅम्पल डब्याच्या बुडाला धरला, टक्क. साधा रुपयाही असाच टक्क चिकटतो. विलासचा प्रोटीन मोजायचा काटा घेतला. त्याच सालचा दुसरा रुपया शेजारी ठेवून पाहिला. वजन सारखं. वर काही चढवलं असतं तर जड भरला असता. म्हणजे नाणं अस्सल, आणि रंगाला जाडीच नाही.

विलासने फोनवर एक जाहिरात दाखवली. असाच रंगीत रुपया कुणीतरी दोन लाखाला विकायला काढलाय. "दोन महिन्यांचं भाडं दे आणि उरलेल्यात लग्न कर." मी म्हटलं विकायचा नाही. तो म्हणाला, "बेट्या, हे नाण्याबद्दल चाललेलं नाहीये."

मग कशाबद्दल चाललंय? त्याला काही कळत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आठवलं! डबे विकताना, चिकपेटच्या एका भांड्यांच्या दुकानात. वेल्डिंग केलेली स्टीलची घडवंची होती, जोडाशेजारी अगदी हेच रंग. सोनेरी, तपकिरी, जांभळा, निळा, याच क्रमाने.

आणि मग तिसऱ्या सेमिस्टरची लॅब आठवली. सरांनी स्टीलची पट्टी बर्नरवर धरली होती. म्हणाले होते, तापलं की वर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो, इतका पातळ की त्यात रंग नसतोच. पाण्यावर तेल पसरलं की रंग दिसतात तसा प्रकाशाचा खेळ. जसजसा पापुद्रा जाड, तसतसा रंग पुढे सरकतो. पुढे काय म्हणाले माहीत नाही, कारण मी तेव्हा बाहेर पडलो. त्यांनी माझ्या राहिलेल्या विषयांवरून टोमणा मारला होता आणि मी दार आपटून गेलो होतो. त्या दिवशी दहा मिनिटं बसलो असतो तर आज चिंच वाचली असती.

दुपारी गॅसवर साधा रुपया धरला, पकडीत. दोन मिनिटांत सोनेरी झाला, मग निळा, मग करपट राखाडी. माझा रुपया डागाडागांचा. तिचा कसा सायीसारखा एकसारखा. म्हणजे तिचा आचेवर धरलेला नाही. मंद उष्णतेवर पडून राहिलाय, कदाचित महिनोन् महिने. बोट भाजलं. करपलेला रुपया पाकिटात टाकला, पुरावा म्हणून.

पण महिनोन् महिने गरम राहणारी अशी जागा असते कुठे?

१८ सप्टेंबर, गुरुवार

कॉफी. शंभर ग्रॅम. मागचीच अजून संपलेली नाही. यंत्र चालू होतं, दुकानात भट्टीसारखं उकडत होतं, आणि मला तिच्या कपाळावरच्या घामाशिवाय काही दिसत नव्हतं.

आज ती स्वतःहून बोलली. "गेल्या गुरुवारी तुम्हाला चिल्लर दिली ना मी? त्यात एखादा रुपया होता का... वेगळा?"

माझं काय झालं कुणास ठाऊक. "हो, आहे, पाकिटात जपून ठेवलाय, रोज काढून बघतो" असं कोण म्हणेल? ती हसली असती. मी म्हणालो, "चिल्लर कोण बघतं? खर्च झाली."

ती "सरी" म्हणाली, म्हणजे "बरं". एवढंच. आणि काउंटर पुसायला लागली, जो आधीच पुसलेला होता.

सुट्टे दिले तेव्हा हात लागला नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज सगळं कळलं आणि कळून मी आणखी वाईट झालो.

गेलो तर दुकानात एक गृहस्थ टेप लावून भिंती मोजत होते. आश्लेषा बाहेर पायरीवर बसली होती. तिच्याशेजारी बसलो, म्हणजे मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"कोण ते?"

"श्रीहर्षकाका. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतात. त्यांना दुकान भाड्याने द्यायचंय. मोबाइलवाल्याला."

"आणि अण्णांना?"

मग ती बोलत सुटली. अण्णांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. गेल्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांनी यंत्र तिच्या हवाली केलं. एक वर्ष नीट सांभाळ, पुढच्या पूजेला ठरवू, दुकान तुझं की काकाचं. यंत्र म्हणजे नुसतं भाजणं नाही. पूजेच्या दिवशी सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाकडून एक रुपया घ्यायचा. घरचा चालत नाही. चुन्याचा ठिपका लावून तो यंत्रावर बर्नरच्या वर बसवायचा आणि वर्षभर हलवायचा नाही. वर्षाच्या आचेने त्याला रंग चढतो. पुढच्या वर्षी तो डब्यात जातो आणि नवा बसतो. अण्णांच्या डब्यात असे चाळीस आहेत.

"आणि माझा, माझा पहिला, तो गेला. नवव्या तारखेला सकाळी बघितलं तर जागा रिकामी. बर्नर उघडून बघितला. कोंडा चाळून बघितला. गिऱ्हाइकांना विचारून बघितलं. बसवंताला, आमच्याकडे बिया भाजतो तो, त्याला मी उगीच बोलले. वीस वर्षं काम करतोय तो माणूस." तिने नाक ओढलं. "अण्णांना अजून सांगितलं नाही. त्यांना दिसत नाही म्हणून कळलं नाही. पण पूजेला हात लावून बघतीलच की."

"एका रुपयासाठी कोण दुकान काढून घेतं?" मी म्हणालो.

"रुपयासाठी नाही हो. एक गोष्ट जागेवर ठेवायला सांगितली होती, एक."

पाकीट माझ्या मागच्या खिशात होतं. मी त्यावरच बसलो होतो. आणि मी काय केलं, तर उठलो, "बघू, मिळेल" म्हणालो आणि चालता झालो. खोटं बोललो होतो ना. आता काढून दिला असता तर खोटं पण काढून द्यावं लागलं असतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

विलासला सांगितलं. तो म्हणाला, "सोपंय. जा, ड्रॉवरमध्ये गुपचूप टाकून ये. तिला वाटेल तिथेच होता." पुण्याच्या माणसाचा सल्ला म्हणजे काम होतं आणि आपण त्यात नसतो.

सरी, म्हटलं. (हा शब्द मलाही चिकटला.) संध्याकाळी बॅग भरत होतो. सॅम्पल डबा उचलला तर बुडाच्या चुंबकाला टेबलावरची सेफ्टी पिन चिकटून आली, मला न विचारता. मी तिच्याकडे बघत उभाच राहिलो.

आठ तारीख. नवव्या सकाळी जागा रिकामी, आणि आठला दुपारी त्या पट्टीवर चुंबक लावलं कुणी? मी. चुना वाळून भुसभुशीत झालेला. डबा उपटला, रुपया बुडाला चिकटून आला, ड्रॉवरमधल्या चिल्लरीत मिसळला, आणि तिने न बघता सगळं आत लोटलं. ज्या रुपयाचा रंग कुठून आला हे मी बारा दिवस शोधतोय, तो जागेवरून काढला मीच. बसवंताला बोलणी बसली ती माझी.

अण्णा ओरडले होते ते बरोबर होते, हे लिहायला मला दहा मिनिटं लागली.

२४ सप्टेंबर, बुधवार

गुपचूप टाकायलाच गेलो होतो, शपथ. आश्लेषा बँकेत गेली होती. काउंटरवर अण्णा एकटे, ड्रॉवर अर्धा उघडा. हात पुढे केला की काम झालं. त्यांना दिसलंही नसतं.

त्यांना दिसलं नसतं, म्हणूनच जमेना.

"अण्णा, मी तो डबेवाला. भंगार म्हणणारा." आणि सगळं सांगितलं. चुंबक, ड्रॉवर, गुरुवार, खर्च झाली म्हणालो ते. आश्लेषाची काही चूक नाही हे दोनदा सांगितलं. रुपया त्यांच्या तळव्यावर ठेवला.

ते अंगठा फिरवत राहिले. मग नाणं दाराच्या उजेडात, अगदी डोळ्याला लावून धरलं. "अकरा महिन्यांचा रंग आहे. पूर्ण वर्षाला निळा अजून बाहेर सरकतो." मग, "खर्च झाली म्हणालास, मग ठेवला कशाला?"

मी चिकोरीची पाटी वाचायला लागलो. कान तापले.

"हं," अण्णा म्हणाले. त्यांना दिसत नाही असं ती का म्हणते कळत नाही.

त्यांनी खालून डबा काढला, बिस्किटांचा जुना पत्र्याचा. १९८४ पासूनचे रुपये. पहिले काही जाडजूड, नुसते काळवंडलेले, त्यांचा धातूच निराळा. स्टीलचे सुरू झाले तिथून रंग: एखादं वर्ष सोनेरीच राहिलेलं, एखादं गर्द जांभळं. "हे बघ, हा फिका. त्या वर्षी कॉफी महाग झाली, यंत्र कमी चाललं. हा निळा, त्या वर्षी तीन लग्नांच्या ऑर्डरी एका महिन्यात." आणि तो दोन हजार वीसचा, जेमतेम पिवळा. तो त्यांनी डब्यात पालथा ठेवला.

मी खिशातला माझा करपलेला रुपया दाखवला, गॅसवरचा. अण्णांनी बोटाने चाचपला आणि पहिल्यांदा हसले, मोठ्याने. "दोन मिनिटांत भाजलास ना? कॉफी अशी भाजली तर गिऱ्हाईक तोंडावर थुंकेल!"

एवढ्यात आश्लेषा आली. तिने अण्णांच्या हातात काय आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुझ्याकडे होता?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा?"

"पाकिटात होता."

"मी बसवंतअण्णाला काय काय बोलले!" आणि ती आत निघून गेली. भांडी वाजली. मग आतूनच ओरडली, "पाकिटात कशाला?"

अण्णा म्हणाले, "एक तारखेला ये. सकाळी सात, एक मिनिट उशीर नाही. सुट्टे घेऊन ये." मग आत तोंड करून, "अगं, चुना भिजव. ह्याचा आठवडा राहिलाय, बसव जागेवर."

परत येताना मेट्रोत लक्षात आलं, ती मला तू म्हणाली. रागाने म्हणाली, पण म्हणाली.

२७ सप्टेंबर, शनिवार

बसवंतअण्णाला भेटून माफी मागितली. आश्लेषाही तेव्हाच मागत होती, त्यामुळे तो बिचारा दोघांच्या मध्ये पोत्यावर बसून नुसता "बिडी, बिडी" करत राहिला. मला वाटलं विडी मागतोय, उठून आणायला निघालो. कानडीत बिडी म्हणजे सोडा, असू द्या. आश्लेषा पोट धरून हसली. माझ्यावर हसलेलं मला चालत नाही. आज चाललं.

१ ऑक्टोबर, बुधवार, आयुधपूजा

पहाटेच उठलो. पाकिटात बघतो तर नोटा, आणि रुपया एकच, तो करपलेला. सगळा व्यवहार फोनवर करणाऱ्याकडे रुपया कुठून येणार? विलास झोपेतून म्हणाला, "ऑनलाइन मागव."

गल्लीत उघडी एकच गाडी. गंगव्वाची. तीन आठवडे मी वळसा घालून जात होतो. गाडीला झेंडूची माळ, स्टोव्हला कुंकू. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

"चहा द्या. आणि त्या दिवशी मी चुकीचं बोललो. पाणी जास्त नसतं."

तिने चहा दिला. दहाची नोट घेतली, डब्यात हात घालून रुपया काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "ठीक से देख ले. कलर बराबर है?"

आधीचा मी असतो तर तिथेच पेटलो असतो. मी खरंच बघितला, दोन्ही बाजूंनी. कोरा, पांढरा. "बराबर है," म्हटलं. तिने चहात आणखी थोडा ओतला, न मागता.

सात वाजायला दोन मिनिटं कमी असताना मल्लेश्वरमला पोचलो. यंत्र धुऊनपुसून, गंध लावून, माळ घालून उभं. दाराशी कुंकू भरलेला कोहळा. श्रीहर्षकाकाही होते, धोतरात, टेपशिवाय. अण्णांनी पट्टीवर हात फिरवला, जुना रुपया जागेवर चाचपला, स्वतः सोडवला आणि आश्लेषाच्या हातावर ठेवला. "एक्केचाळीस. डब्यात तूच टाक." ती टाकताना काकांकडे बघून म्हणाले, "मोबाइलवाल्याला दुसरी जागा बघायला सांग बाबा." कोहळा काकांनीच फोडला, जरा जोरातच.

"पहिलं गिऱ्हाईक कोण?" अण्णांनी विचारलं.

मी गंगव्वाचा रुपया पुढे केला. आश्लेषाने त्याला चुना लावला, बर्नरच्या वर दाबून बसवला, आणि बोट उचललं नाही, चुना धरेपर्यंत. मग म्हणाली, "वर्षभर हात लावायचा नाही. चुंबकवाल्यांनी तर चार फूट लांब."

"रंग कसा चढतो ते बघायला यावं लागेल ना पण."

"लांबून बघ."

अण्णांनी काडी तिच्या हातात दिली, तिने यंत्र पेटवलं.

जाता जाता अण्णा म्हणाले, तुझा तो बोलका डबा आण परवा, लाकडी फळीवर ठेवू. माझा या आठवड्यातला तेरावा. पण मी कॉफी रोखीनेच घेतली. शंभराची नोट दिली. तिने ड्रॉवर उघडला. आता ती प्रत्येक नाणं उजेडात धरते, एक बाजू बघते, उलटते, दुसरी बाजू बघते, आणि मग माझ्या हातावर ठेवते. विसाची नोट नव्हती, एकवीस रुपये सगळे सुट्टेच द्यावे लागले, एकेक रुपयाने. मागे रांग लागली. कुणीतरी ओरडलंही.

मी काहीच बोललो नाही.